पांढरीत एक घर

पहाटे बडनेऱ्याला उतरलो. २०२३ चा नोव्हेंबर, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. बडनेऱ्याहून चांदूर रेल्वेला मालखेडवरून रेल्वेनेच जाता आलं असतं, पण मला जंगलातला रस्ता पाहायचा होता. लहानपणी आईचा हात धरून आजोळी जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिलेला तो रस्ता. म्हणून अमरावती गाठली आणि चांदूरची बस धरली.

शहर मागे पडलं आणि पोहरा-चिरोडीचं जंगल लागलं. दोन्ही बाजूंना साग आणि मधेच एखादी मोकळी टेकडी. वळणावर दोन रोही रस्ता ओलांडून गेल्या. नीलगायीला वऱ्हाडात रोहीच म्हणतात आणि शेतकऱ्यापुढे ते नाव काढलं की त्याचा चेहरा पडतो. रात्रीतून पेरलेलं वावर साफ करतात त्या. जंगल संपलं की काळी जमीन सुरू होते. कापसाची बोंडं फुटलेली होती, बायका ओटी बांधून वेचणीला लागल्या होत्या. एका धुऱ्यावर दहीभाताचा नैवेद्य दिसला. पहिल्या वेचणीची सीतादही. शेजारी बसलेले माझे यजमान पुण्याचे. त्यांना मी सांगितलं, की कापूस घरी आणण्याआधी वऱ्हाडात वावराची पूजा होते. ते बराच वेळ बाहेर बघत राहिले.

चांदूर रेल्वे हे नाव पहिल्यांदा ऐकणारा थबकतो. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार, दुसरं हे. बाजाराचं ते बाजार आणि रुळांचं ते रेल्वे, अशी ओळख पडली. शेजारचं धामणगावही रेल्वेच. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वेची लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती याच पट्ट्यातून. जिनिंग आले, गठाणी बांधल्या जाऊ लागल्या, अडत्यांचे वाडे उभे राहिले. आज चांदूरच्या आसपासच्या गावांत जी सागवानी चौकटीची घरं शिल्लक आहेत, ती त्या कापसाच्या पैशाच्या पुढच्या दोन-तीन पिढ्यांत बांधलेली.

आम्ही त्यातलंच एक घर घ्यायला आलो होतो. मी शाळेतून निवृत्त झाले होते, हेही. पुण्यातला फ्लॅट मुलाला पुरेसा होता. आजोळचं घर मामांनी केव्हाच विकलं, पुढे ते पडलं आणि त्या जागी आता सिमेंटचा दुकानगाळा आहे. तेच घर परत मिळणार नव्हतं. पण त्याच मातीत, तसल्याच भिंतींच्या आत राहायचं मनाने घेतलं होतं.

त्या पहिल्या फेरीत चार दिवस घरं पाहिली. घुईखेड, आमला, मांजरखेड, पळसखेड, सगळीकडे हिंडलो. पाहण्यासारखी घरं पुष्कळ. त्यातली निम्मी कुलपात. मुलं पुण्याला, नागपूरला, हैदराबादला. आई होती तोवर सणाला येत होती. आई गेली आणि कुलूप लागलं. एका दारात कुलपाच्या कडीवर गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. त्या दिवशी ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, ‘‘ताई, तुमी बी कुलूपच लावसान, का राहायले येसान?’’

तो प्रश्न मी पुढे वर्षभर बाळगला. खरेदीतले बरेच निर्णय त्याच्याच आधाराने घेतले.

वऱ्हाडात, आणि महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी, गाव दोन भागांचं असतं. पिकते ती काळी आणि वस्ती असते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या घरांनी, राखेने, शेणाने वस्तीची जमीन उंच झालेली असते, रंगाने उजळलेली असते. तीच गावठाणाची पांढरी. घर घ्यायचं तर पांढरीत घ्यावं, असं सांगणारी माणसं मला गावोगाव भेटली. या सल्ल्याला दोन कारणं आहेत. एक मातीचं, एक कायद्याचं.

मातीचं कारण मला एका मिस्त्रीने समजावलं. वय सत्तरीचं, हातात ओळंबा. ‘‘काया मातीचा भरोसा नाई बाई. उन्हायात तोंड उघडते, पावसायात मिटते.’’ काळी कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिच्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचं घर उभं केलं तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंत तिरकी चिरते. चीर खिडकीच्या कोपऱ्यातून निघते आणि वर जाते. म्हणून इथे पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. कुठे तो चार फुटांवर लागतो, कुठे दहावरही लागत नाही. पांढरीची माती इतकी फुगत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी भूगर्भशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण वस्ती कुठे करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कायद्याचं कारण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि इथेच शहरातून येणारी माणसं फसतात. आम्हीही फसता फसता वाचलो. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि रस्त्याच्या आसपास वावरांचे तुकडे पाडून ‘फार्म हाउस प्लॉट’ विकणाऱ्यांचे फलक उगवले. एका दलालाने आम्हाला असाच एक तुकडा दाखवला. चुन्याने आखलेला, कोपऱ्यात चार गुलमोहर लावलेले. ‘‘एनए होणारच आहे,’’ तो म्हणाला. मी सातबारा मागितला. त्यावर अख्ख्या वावराचं एकच क्षेत्र होतं, जिरायत, तीन भावांच्या नावे, आणि बँकेचा बोजा चढलेला. आम्हाला तो एका भावाच्या सहीवर साठेखत करून देणार होता.

शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. विदर्भाला यासाठी वेगळा कायदा आहे, १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. राज्यात कुठेही आपल्या नावे शेती असेल तर शेतकरी असल्याचा दाखला चालतो. त्याशिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकण्याला अडवणारा. त्यात अलीकडे बदल होत राहिले आहेत, म्हणून खरेदीच्या दिवशी तहसील कार्यालयात विचारूनच पुढे जावं. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ आहे की ‘वर्ग २’ हेही पाहावं. वर्ग २ म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन; ती परवानगीशिवाय विकता येत नाही. धरणामुळे उठलेल्या गावांच्या नव्या वसाहतींतले भूखंड बरेचदा याच वर्गात असतात. आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन घरासाठी वापरायची सोय महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये आहे. एवढं ज्याला माहीत आहे त्याला गुलमोहर दाखवून कुणी भुलवू शकत नाही.

गावठाणातलं घर घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. पण तिथे कागदाची वेगळीच कथा आहे. गावठाणाला सातबारा नसतो. घरमालक कोण म्हणून विचारलं की गावकरी ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ पुढे करतात. त्यावर नाव असतं, घराचं मोजमाप असतं, घरपट्टी असते. लोक त्यालाच मालकीचा कागद समजतात. पण नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. सरकारी जागेवर झोपडी बांधलेल्याचीही घरपट्टी ग्रामपंचायत घेते आणि त्याचंही नाव नमुना आठला लागतं. कर भरला म्हणजे मालकी झाली, असं होत नाही.

याच ठिकाणी मला स्पेन आठवला. माझी भाची माद्रिदला नोकरी करते. तिच्याकडे गेले होते तेव्हा ती तेरुएल प्रांतातल्या एका खेड्यात जुनं दगडी घर पाहत होती आणि मीही तिच्याबरोबर हिंडले. स्पेनचा मधला भाग आपल्या डोळ्यांदेखत रिकामा झाला आहे. सोरिया आणि तेरुएल या प्रांतांत चौरस किलोमीटरमागे दहा माणसंही राहत नाहीत. ३१ मार्च २०१९ ला तिथल्या खेड्यांतले लोक माद्रिदच्या रस्त्यावर उतरले ते शाळा, दवाखाना, रेल्वे मागायला. गॅलिसियात तर अख्ख्या वाड्या विकायला निघतात. परदेशातल्या माणसांना ती घरं स्वस्त वाटतात, ती घेतात, आणि मग अडकतात. कारण तिथे दोन दप्तरं आहेत. एक ‘कातास्त्रो’, म्हणजे कराचं. दुसरं मालमत्तेची नोंदणी, म्हणजे मालकीचं. दोन्हींत क्षेत्र जुळत नाही, कधी मालकाचं नावही जुळत नाही, आजोबांच्या नावावरून पुढे कुणी कागद हलवलेलाच नसतो. जाणता खरेदीदार आधी नोंदणीचा उतारा काढतो, मग नोटरीसमोर बसतो. भाचीचा सौदा मोडला तो याच पायी: मालकाच्या अकरा वारसांपैकी चौघांचा पत्ता लागला नाही.

म्हणून चांदूरला मी पहिल्या दिवसापासून एकच विचारत राहिले: वारस किती, आणि सगळे भेटतील का?

आपल्याकडे आता एक आधार झाला आहे. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणांवर ड्रोन फिरवून घराघराचा नकाशा होतो आणि मालकाला सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी जो मालमत्तेचा उतारा मिळतो त्याला विदर्भात आखीव पत्रिका म्हणतात. ज्या गावात ही मोजणी झाली आहे तिथे घर घेणं कितीतरी सुरक्षित आहे. झाली नसेल तर जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, तीस वर्षांचा शोध, वृत्तपत्रातली जाहीर नोटीस, हे सगळं वकिलाकडून करून घ्यावं. खर्चाला मागेपुढे पाहू नये.

जे घर शेवटी मिळालं त्याच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. विकणाऱ्या कुटुंबाचा तो खासगी विषय आहे. चांदूरपासून फार लांब नाही एवढंच सांगते. चार खणांचं घर, पुढे ओसरी, मधे माजघर, मागे न्हाणी आणि कोठा. वर अर्ध्या भागाला कवेलू, म्हणजे कौलं, अर्ध्याला धाबा, म्हणजे मातीचं सपाट छत. दीड हाताची मातीची भिंत. खांब सागवानी, त्यांवर कोरलेली कमळं काळवंडलेली. एका खांबाच्या तळाशी उधई लागलेली. आठ वर्षं कुलूप होतं.

नोव्हेंबरात ते घर सुंदर दिसलं. पण नोव्हेंबरात वऱ्हाडातलं कोणतंही घर सुंदरच दिसतं. शेजारच्या काकाजींनी आम्हाला सांगितलं, की खरोखर घ्यायचं असेल तर मे महिन्यात या, दुपारी दोन वाजता या, आणि मग आभाळ फुटल्यावर परत या. त्यांचं आम्ही ऐकलं. २०२४ च्या मे महिन्यात परत आलो. बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा, रस्त्यावर कुत्रंही दिसेना. सतरंजी टाकून आम्ही माजघरात झोपलो. पंखा नव्हता, वीज तोडलेली होती. तरी झोप लागली! दुसरी एक दुपार आम्ही चांदूरमधल्या एका नव्या स्लॅबच्या घरात काढून पाहिली. तिथे कूलर चालू असूनही भिंतीला हात लावला की चटका बसत होता. जाड मातीची भिंत दिवसभराचं ऊन सावकाश आत घेते. ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते आणि रात्री दारं-खिडक्या उघडल्या की निघून जातं. हे मला शाळेत विज्ञान शिकवताना तोंडपाठ होतं. अंगाला कळलं ते त्या दिवशी.

जुलैत परत गेलो तेव्हा घराची दुसरी बाजू दिसली. धाबा तीन ठिकाणी गळत होता. धाब्याला दर वर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो, चोपून चोपून बसवावा लागतो. आठ वर्षं कुणी दिला नव्हता. मागच्या भिंतीचा पाया ओलीने नरम झाला होता, कारण शेजाऱ्याच्या कवेलूंचं पाणी थेट तिथे पडत होतं. हे पाणी किती महत्त्वाचं असतं ते शहरात कळत नाही. कुणाच्या पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात, भिंत सामायिक की एकट्याची, सांदीतून बंडी न्यायचा हक्क कुणाचा, यावरून गावात पिढ्यांची वैरं आहेत. आम्ही शेजाऱ्यांना बोलावलं, पाण्याला वाट काढून द्यायचं ठरवलं आणि ते खरेदीखतात चतुःसीमेच्या बाजूला लिहून घेतलं. या ओळींसाठी वकील थोडे कुरकुरले. पण माझ्या मते सगळ्या दस्तात सर्वांत उपयोगी ओळी त्याच ठरल्या आहेत.

आता वारस. मालक वारलेले. मागे दोन मुलगे आणि तीन मुली. मुलग्यांनी सांगितलं, बहिणींची काळजी करू नका, त्या हक्कसोड देऊन टाकतील. मी नाही म्हटलं. माझ्या आईने असाच हक्कसोड दिला होता. चोळी-पातळ घेऊन, भावाचं मन राखायला. पुढे आजोळचं घर विकलं गेलं तेव्हा तिला गावातल्या एकाच्या पत्रातून कळलं. तिने त्यावर कधी शब्द काढला नाही. पण चांदूरचं नाव निघालं की ती स्वयंपाकघरात जायची.

२००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो हक्क जन्मानेच येतो हे स्पष्ट केलं. तेव्हा बहिणींची सही नसलेलं घर घेणं म्हणजे पुढचा दावा विकत घेणं. पण माझा आग्रह तेवढ्यापुरता नव्हता. पाचही भावंडं विकणारी म्हणून दस्तात यावीत आणि पाचही जणांच्या खात्यात आपापला हिस्सा जावा, असं मी ठेवलं. थोरल्याला राग आला. दोन महिने फोन बंद होता. आम्ही दुसरं घर पाहू लागलो होतो. मग एक दिवस धाकट्याचा फोन आला, की दादा हो म्हणतो.

नोंदणीचा दिवस डिसेंबरातला. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर बाकावर पाच भावंडं एकत्र बसली होती. एक वर्ध्याहून आलेली, एक अकोल्याहून, तिसरी नागपूरहून. आईच्या तेराव्यानंतर पाचही जणांची भेट पहिल्यांदाच होत होती. सुरुवातीला कुणी बोलेना. मग अकोल्याच्या बाईंनी डबा उघडला, त्यात पातोड्या होत्या, आणि धाकटा म्हणाला, ‘‘मायसारख्याच झाल्या गं.’’ तिथून पुढे बोलणं सुरू झालं. एकेकाचा फोटो, अंगठा, सही, ओळखीचे दोन साक्षीदार. घर माझ्या एकटीच्या नावे घेतलं. निवासी घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. हे आकडे मी आवर्जून देते, कारण त्याच्या नावाखाली जादा पैसे मागणारे मध्यस्थ कार्यालयांच्या आसपास असतात. शुल्काची पावती स्वतःच्या हाताने घ्या.

सह्या झाल्यावर वर्ध्याच्या बाई माझ्याकडे आल्या. ‘‘ताई, पैसे आले. पन मायचं जातं कोठ्यात हाय, तेवढं नेऊ द्या.’’ आम्ही सगळे तिथूनच घरी गेलो. जातं कोठ्यात गवताखाली होतं. दोन भावांनी ते उचलून गाडीत ठेवलं. बहिणी तेवढ्या वेळात एकेका खोलीत जाऊन आल्या. नागपूरच्या बाईंनी माजघरातल्या कोनाड्यावर हात फिरवला आणि तिथे दिवा लावत जा म्हणून मला सांगितलं. मी अजून लावते.

पुढचे कागद सोपे होते, पण संयमाचे. दस्ताची सूची-२ घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज, थकीत घरपट्टी-पाणीपट्टीचा भरणा, मासिक सभेत ठराव, मग नमुना आठला नाव. शेतजमीन असती तर फेरफारासाठी पटवाऱ्याकडे जावं लागलं असतं. तलाठ्याला आता सरकारी भाषेत ग्राम महसूल अधिकारी म्हणतात; वऱ्हाडात तो पटवारीच आहे. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, हे शेत घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. वीज मीटर नावावर करायला महावितरणकडे वेगळा अर्ज लागतो.

दुरुस्तीला जानेवारी ते मार्च गेले. मुंबई-पुण्याकडचे ओळखीचे सांगत होते, पाडा आणि स्लॅब टाका, खर्च तेवढाच येईल. खर्च खरोखर जवळजवळ तेवढाच आला, हे मान्य करते. पण मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका, हे त्या सत्तरीतल्या मिस्त्रीने पहिल्या दिवशी सांगितलं आणि ते खरं आहे. सिमेंटच्या आड ओल अडकते, माती आतून भुगा होते आणि एक दिवस गिलाव्यासकट भिंत सुटते. आम्ही माती, शेण आणि भुसा कुजवून लिंपण केलं. उधई लागलेल्या खांबाचा तळ कापून दगडी उथळ्यावर बसवला. धाब्याची माती पूर्ण उतरवून नवी घातली. कवेलू शेजारच्या पडक्या घरांतून मिळाले. आता ते नव्याने भाजणारा कुंभार जवळपास सापडला नाही. मिस्त्रीच्या हाताखाली दोन तरुण पोरं होती. त्यांना हे काम येत नव्हतं, त्यांनी ते आमच्या घरावर शिकलं. या भागात जुनी घरं पुष्कळ आहेत आणि ती जाणणारे हात थोडे आहेत. हे हात आहेत तोवर ज्याला घर राखायचं असेल त्याने राखून घ्यावं. दहा वर्षांनी पैसा असेल, कारागीर नसेल.

३० मार्च २०२५ ला गुढीपाडवा होता. त्या दिवशी राहायला आलो. संध्याकाळी शेजारच्या बायका घेऊन गेल्या त्या थेट सावंगा विठोबाला. चांदूर तालुक्यातलंच हे गाव. कृष्णाजी अवधूत महाराजांच्या देवस्थानाची यात्रा पाडव्याला भरते. नवस फेडायला माणसं कापूर आणतात आणि इतका कापूर जळतो की दूरवर वास येतो. परतताना एका बाईने माझ्या हातात जळका कापूर लागलेला नारळ दिला आणि म्हणाली, ‘‘आता तुमी सावंग्याले आल्या, म्हंजे गावच्या झाल्या.’’ नंतर गावाला रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण घातलं. गुरुदेव सेवा मंडळाच्या मुलांनी पंगत वाढली. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी इथून जवळच, तिवसा तालुक्यात. त्यांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आमच्या गावात अजून रोज संध्याकाळी होते. मी जाते, खंजिरीच्या तालावर मागे बसते. गावात नव्या माणसाला दुसरी कुठलीही ओळख लागत नाही. रोज संध्याकाळी दिसणारा माणूस तीन महिन्यांत गावचा होतो.

अडचणी नाहीत असं नाही. दवाखाना साधा चांदूरला, मोठा अमरावतीला. साठीनंतर इथे येणाऱ्याने गाडी कोण चालवणार आणि रात्री फोन कुणाला करायचा हे आधी ठरवावं. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून टाकी मोठी बांधली. पाणी गोडं आहे ही मात्र मोठी गोष्ट. जिल्ह्याच्या पश्चिमेला, दर्यापूर-अंजनगावकडे पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अमरावतीला बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला, समृद्धीही आता मुंबईजवळ आमणेपर्यंत पूर्ण झाली, तेव्हा मुलांना न यायला निमित्त उरलेलं नाही.

आमच्या सांदीत अजून तीन घरांना कुलूप आहे. मालक चांगल्या नोकऱ्यांत आहेत, घर विकायचं नाही म्हणतात, राहायलाही येत नाहीत. धाबे खचत चाललेत. त्यांना माझी विनंती आहे: भावंडांना एकदा एकत्र बसवा, बहिणींनाही बोलवा, कागद सरळ करा, आणि एक तर तुम्ही या किंवा राहणाऱ्याला द्या. आणि जे घेणार असतील त्यांनी नोव्हेंबरात पाहून बयाणा देऊ नये. चांदूरला मे महिन्यात दुपारी दोन वाजता या. आमच्या ओसरीवर सतरंजी असते.